सोडलेली सोंगटी

मुलुंडमध्ये उत्तरा दामलेबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. ऑफिसात कुणाला गणपतीला गावी जायचं असलं की रजा उत्तराची रद्द व्हायची. सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले की गाडी लावायची जागा उत्तराची जायची. धाकट्या भावाला, अनयला, अभ्यासाला शांतता हवी म्हणून तिने शाळेत असताना आपली खोली सोडली, ती लग्न होईपर्यंत हॉलमधल्या दिवाणावरच झोपली. इतकी चांगली बाई हाताशी असली की सगळ्यांचीच सोय होते, म्हणून तिचं कौतुक करताना कुणी कधी हात आखडता घेतला नाही.

फक्त एका बाबतीत ती हावरट होती, आणि ते तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. कॅरम! बोर्डासमोर बसली आणि बोटांना पावडर लागली की या बाईच्या पोटात काहीतरी जागं व्हायचं. समोरच्याची एकही सोंगटी आत जाऊ नये, आपल्या सगळ्या जाव्यात, राणीही आपल्यालाच मिळावी. मग खेळ संपला की ती ओशाळल्यासारखी हसायची आणि समोरच्याची माफी मागायच्या बेतात असायची. जिंकणं म्हणजे जणू कुणाच्या तरी पायावर चुकून पाय पडणं.

हा खेळ तिला शिकवला अण्णा बापटांनी. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्यांनी क्लब काढला होता. बोर्ड, दिवे, पावडर, सगळं स्वतःच्या खिशातून. मुलांना शिकवताना कधी आवाज चढला नाही की कुणाला कमी लेखलं नाही. असा भला माणूस विरळा. पण भल्या माणसांची एक खोड असते. आपण भले आहोत एवढ्यावर त्यांचं भागत नाही. आजूबाजूच्यांनीही भलं व्हावं, आणि आपण सांगू तेव्हा व्हावं, असं त्यांना वाटतं. 'आपलं सुख दुसऱ्याच्या ताटात वाढता आलं पाहिजे,' असं अण्णा नेहमी म्हणायचे. सुख मात्र दर वेळी उत्तराचं असायचं.

कॉलेजात असताना तिची जिल्ह्याच्या संघात निवड होणार हे जवळपास ठरलेलं होतं. त्या वेळी अण्णांनी तिला बाजूला घेतलं. क्लबातल्या जयाच्या घरी फार कटकटी आहेत, ती खचलीय, या वेळी तिला जाऊ दे. उत्तराने मनगट दुखतंय असं सांगून माघार घेतली. जया गेली, पहिल्याच फेरीत हरून आली आणि वर्षभरात खेळ सोडून ठाण्याला लग्न करून मोकळी झाली. पण क्लबच्या कार्यक्रमात अण्णांनी उत्तराच्या मोठ्या मनाचं जे वर्णन केलं, त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला होता. त्या टाळ्या उत्तराला फार गोड लागल्या होत्या, हेही सांगितलं पाहिजे.

आता ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि जिल्ह्याच्या संघातली एक जागा पुन्हा तिच्यासमोर आली होती. बाकीचा संघ ठरला होता. उरलेल्या एका जागेसाठी घाटकोपरच्या एका शाळेच्या सभागृहात शेवटचा सामना होता, उत्तरा दामले आणि मानखुर्दची दीप्ती साळवे यांच्यात. जी जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार. त्यात आणखी एक गोष्ट होती. संघात येणाऱ्या मुलीला नोकरी नसेल तर तिला आपल्याकडे घ्यायचं, असं एका कंपनीने कबूल केलं होतं. उत्तराला विम्याच्या ऑफिसात पक्की नोकरी होती. दीप्तीला नव्हती.

शाळेच्या फाटकाशी चहा पिताना अण्णांनी विषय काढला.

"पोरगी पाहिलीस? वडील टेम्पो चालवतात. जालन्याकडचे आहेत, वस्तीतल्या बुद्धविहारामागच्या खोलीत एक जुना बोर्ड आहे, त्यावर शिकली. एकटीच्या जिवावर इथपर्यंत आलीय गं."

"छान खेळते," उत्तरा म्हणाली. तिला पुढचं वाक्य कळलं होतं.

"तुला संघात जाऊन काय मिळणार, सांग बरं. एक टी-शर्ट. तुझ्या नवऱ्याचं छान चाललंय, तुझं छान चाललंय. तिला तिथे आयुष्य मिळेल." अण्णांनी कप खाली ठेवला. "मी सांगत काहीच नाही. तू समजूतदार आहेस."

अण्णांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एका बाजूला टी-शर्ट आणि दुसऱ्या बाजूला आयुष्य, असं मांडलं की टी-शर्टाच्या बाजूने कुणी बोलायचं? 'पण अण्णा, मला खेळायचंय हो,' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरघळलं.

"बघू," ती म्हणाली. उत्तराच्या तोंडचं 'बघू' म्हणजे होकार, हे अण्णांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि आत जाऊन पुढची खुर्ची पकडली.

दीप्ती बोर्डापाशी आधीच येऊन बसली होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, नजर धीट. तिचे वडील कुंडलिक साळवे भिंतीशी उभे होते; खुर्च्या रिकाम्या होत्या तरी ते बसले नाहीत. पंचांनी सुरुवात करायला सांगितली.

पहिला सेट उत्तरा हरली. मुद्दाम हरली असं म्हणता येणार नाही, कारण मुद्दाम काही करायला मन एका जागी असावं लागतं. ती सोंगटीकडे बघायची आणि तिला कुंडलिकरावांचे पाय दिसायचे. नेम धरायची आणि अण्णांची मान डोलताना दिसायची. दीप्ती मात्र भरभर खेळत होती, एकेक सोंगटी कशी सुटसुटीत आत घालत होती. पोरगी खरंच झकास खेळते, असं उत्तराला वाटलं, आणि त्या झकास खेळाला उत्तर द्यायला बोटं शिवशिवली. तिने बोटं मांडीवर दाबून धरली.

दुसऱ्या सेटमध्ये मात्र बोटांनी ऐकलं नाही. राणी तिने घेतली, ती पक्की करायला वर कव्हरची सोंगटी घेतली, एकामागून एक पांढऱ्या सोंगट्या गेल्या, आणि बघता बघता तिची एकच सोंगटी उरली. तीसुद्धा पॉकेटच्या तोंडावर, नुसता स्पर्श झाला तरी आत पडेल अशी. दीप्तीच्या दोन काळ्या बाकी होत्या. बोर्ड, म्हणजे सेटमधली ती फेरी, उत्तराचा होता, त्यापाठोपाठ सेटही बहुतेक तिचाच होता. तिने मान वर केली. अण्णा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तर दुःख होतं. राग असता तर एक वेळ परवडला असता.

उत्तराने स्ट्रायकर मांडला आणि सोडला. स्ट्रायकर सोंगटीच्या शेजारून, तिला न शिवता गेला, कडेवर आपटला आणि परत आला. सभागृहात कुणीतरी "अरेरे" म्हणालं. अण्णांनी डोळे मिटून मान डोलावली.

दीप्तीने लगेच स्ट्रायकर उचलला नाही. तिने त्या पांढऱ्या सोंगटीकडे पाहिलं, मग उत्तराच्या बोटांकडे, मग सरळ तिच्या डोळ्यांत. तिच्या दोन्ही काळ्या सोंगट्या सोप्या होत्या. दोन फटक्यांत बोर्ड तिच्या खिशात होता. तिने स्ट्रायकर रेषेवर ठेवला, सोंगट्यांकडे ढुंकूनही न बघता समोरच्या रिकाम्या पॉकेटवर नेम धरला आणि स्ट्रायकरच आत घालवला.

"ड्यू," पंच म्हणाले. त्यांचाही आवाज जरा चाचरला.

कॅरममध्ये स्ट्रायकर आत गेला की दंड पडतो. आपली गेलेली एक सोंगटी परत बोर्डावर येते आणि डाव समोरच्याकडे जातो. हे चुकून होतं, नवख्यांकडून होतं. या पातळीवरची खेळाडू असं हाताने, शांतपणे करते, हे तिथे कुणी पाहिलं नव्हतं. खुर्च्यांमध्ये कुजबुज उठली. कुंडलिकराव भिंतीपासून एक पाऊल पुढे आले. आणि पांढरी सोंगटी पॉकेटच्या तोंडावर होती तशीच बसलेली होती.

उत्तराच्या कानशिलांपर्यंत आग उठली. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती, आणि गंमत म्हणजे ती लाज चांगलं वागताना पकडलं गेल्याची होती. तिने अलगद, बोटाच्या टोकाने सोंगटी आत घातली. मग उरलेला सेट ती खाली मान घालून, दातावर दात ठेवून खेळली आणि जिंकली.

एक-एक झालं. तिसऱ्या सेटआधी थोडी विश्रांती होती. पाण्याच्या पिंपापाशी दीप्ती तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, एक विचारू? डोळ्यात काही गेलं होतं का तुमच्या?"

"नाही."

"मग ती सोंगटी आमच्या वस्तीतलं शेंबडं पोर पण घेतं. दया आली ना माझी?"

उत्तराने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. "तुला नोकरीची गरज आहे म्हणून..."

"आहे ना! तुमच्यापेक्षा मला जास्त माहितीये. मॉलमध्ये काउंटरवर उभी असते मी दिवसभर, बसायला स्टूल पण देत नाहीत." दीप्तीने ग्लास ठेवला. "पण ती मी जिंकून घेणार. तुम्ही वाढणार आणि मी खाणार, असं नाही."

"त्याने तुला काय फरक पडतो? नोकरी तर नोकरीच."

"खूप पडतो यार, ताई. आम्हाला लहानपणापासून हेच ऐकवतात. तुम्हाला मिळालं ते कुणीतरी दिलं म्हणून मिळालं. शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं. बोर्डावर मात्र कुणाला असं बोलता येत नाही. सोंगटी गेली तर गेली, नाही तर नाही. एवढी एकच जागा आहे माझ्याकडे, आणि तुम्ही तिथं पण दान करायला आलात?"

उत्तराने ग्लास पिंपाच्या नळाखाली धरला.

"आणि माझ्या फायद्याचंच बोलते. उद्या राज्य स्पर्धेत कोल्हापूरची पोरगी मला सोंगटी सोडणारे का? मी किती पाण्यात आहे ते मला आज कळायला पाहिजे. तुम्ही नीट नाही खेळलात तर वाट माझी लागते, तुमची नाही."

"मग तू ती परत का दिलीस? तो तर शुद्ध वेडेपणा होता."

"होताच," दीप्ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "डोकं फिरलं माझं. पण एकदाच हां. आता सोडलीत तर खाऊन टाकीन."

ती गेली. उत्तरा पिंपापाशीच उभी राहिली, हातातला ग्लास भरलेला तसाच. समोर भिंतीवर शाळेतल्या मुलांनी काढलेले सूर्य, डोंगर आणि नद्या चिकटवलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ती स्वतःशी खरं बोलली, आणि तिला ते फारसं आवडलं नाही. देणं तिला कधीच जड गेलं नव्हतं. देऊन टाकलं की हरायची भीती उरायची नाही. जयाला जागा दिली, त्यामुळे आपण जिल्ह्याच्या संघात टिकलो असतो की नाही हे कधी कळलंच नाही, आणि न कळण्यातच सोय होती. वर टाळ्या मिळाल्या त्या वेगळ्याच. म्हणजे इतकी वर्षं आपणही घेतच होतो. लोक वस्तू घेत होते आणि आपण चांगुलपणाचं नाव घेत होतो. त्या व्यवहारात ज्याला देत होतो त्याच्याकडे मात्र नीट बघितलंही नव्हतं. समोरच्याला खेळता येतं, झुंजता येतं, हरून पुन्हा उठता येतं, हे धरलंच नव्हतं. दीप्तीला ते बरोबर कळलं होतं, म्हणून ती चिडली होती.

आणि मला काय हवंय? उत्तराने स्वतःला विचारलं. उत्तर इतक्या झटकन आलं की ती दचकलीच. मला हिला हरवायचंय. हिचा सगळ्यात चांगला खेळ समोर असताना हरवायचंय. तिने ग्लासातलं पाणी एका घोटात संपवलं आणि पदर खोचला.

तिसऱ्या सेटबद्दल घाटकोपरची कॅरमवाली मंडळी अजून बोलतात. दोघी अशा काही खेळल्या की चहावाला किटली हातात धरून दारातच उभा राहिला. दीप्ती वेगाने खेळायची, उत्तरा थांबून. दीप्तीने बोर्ड घेतला की उत्तरा पुढचा घ्यायची. एकदा दीप्तीने तीन सोंगट्यांच्या गर्दीतून आपली नेमकी काढली, तेव्हा उत्तराच्या तोंडून "वा!" निघून गेलं, पंचांनी तिला दटावलं. एकदा उत्तराने राणी अशा कोनातून घेतली की भिंतीशी उभे असलेले कुंडलिकराव, बाप असूनही, टाळी वाजवून बसले आणि मग ओशाळले. मुलीच्या विरुद्ध टाळी गेली होती, पण खेळ कळणाऱ्या माणसाचा हात ऐकतो थोडाच?

शेवटच्या बोर्डावर दोघींचे गुण सारखे होते. दीप्तीची एकच काळी सोंगटी उरली होती, पॉकेटच्या अगदी जवळ. पुढच्या डावाला ती नक्की आत जाणार. उत्तराची एक पांढरी उरली होती, पण ती अवघड ठिकाणी, त्या काळीच्या आडोशाला. सरळ पॉकेटात घालायला वाट नव्हती. एक मार्ग होता सावध खेळायचा: काळीला दूर लोटायचं आणि पुढचं दीप्तीवर सोडायचं. हरली तरी कुणी दोष दिला नसता. दुसरा मार्ग होता डबलचा. पांढरी समोरच्या कडेवर आपटायची आणि ती उलट येऊन आपल्याच हाताजवळच्या पॉकेटात पडेल असं बघायचं. क्लबात हा फटका तिने कितीदा मारला होता, पण सामन्यात तिची कधी हिंमत झाली नव्हती. चुकला तर लोक म्हणतात, बाईला हाव सुटली.

सुटलीच आहे हाव, उत्तराने मनात म्हटलं, आणि मारला.

पांढरी समोर गेली, कडेला लागली, वळली आणि बोर्डाच्या मधून सरळ तिच्याकडे येऊ लागली. येता येता तिचा वेग कमी झाला. पॉकेटच्या ओठावर ती क्षणभर थांबल्यासारखी झाली. मग आत पडली.

सभागृहात एकदम गलका झाला. उत्तरा उभी राहिली होती हे तिला नंतर कळलं. दोन्ही मुठी वर होत्या आणि ती ओरडत होती, त्रेचाळीस वर्षांची विमा कंपनीतली बाई, चौथीतल्या पोरीसारखी ओरडत होती. तिला भरभरून आनंद झाला होता. त्यात माफी मागावीशी वाटणारं काहीच नव्हतं.

दीप्तीने खाली बघत हात पुढे केला. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवलेही नाहीत. "साला काय शॉट होता," ती पुटपुटली. कुंडलिकरावांनी येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. उत्तराला वाईट वाटलं. खरंच वाटलं, आतून. पण वाईट वाटलं म्हणून आपण काही वाईट केलंय असं होत नाही, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं.

आणि नेमके तेव्हाच अण्णा उठले. स्पर्धेचं काम बघणाऱ्या निलेशच्या हातातून त्यांनी माईक घेतला.

"मित्रांनो, सामना तर आपण पाहिलाच. पण माणूस बोर्डावर जिंकतो त्यापेक्षा बोर्डाबाहेर काय करतो ते मोठं. आमच्या उत्तराचं मन मी लहानपणापासून ओळखतो. तिला आता स्वतःला सिद्ध करायचं राहिलं नाही. ही जागा ती एका गरजू, गुणी मुलीसाठी सोडणार आहे, याची मला खात्री आहे. ये उत्तरा, तूच सांग."

लोकांना असं काही फार आवडतं. टाळ्या सुरू झाल्या, उत्तराने तोंड उघडायच्या आधीच. जिंकूनही झालं आणि देऊनही होणार. याहून मोठं कौतुक या जन्मात तिच्या वाट्याला आलं नसतं. क्षणभर तिला मोह झाला, नाही असं नाही. ती माईकपाशी गेली. टाळ्या थांबल्या. भिंतीशी दीप्ती उभी होती, चेहरा दगडासारखा, श्वास रोखलेला.

"अण्णा, तुम्ही मला खेळायला शिकवलंत," उत्तरा म्हणाली. "म्हणून मी खेळणार आहे. मी ही जागा सोडत नाही. ती मी जिंकलेय आणि मला ती हवीय."

पुढच्या रांगेत कुणीतरी नाक मुरडलं. अण्णांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला बघून उत्तराला गलबलून आलं, तरी तिने शब्द मागे घेतला नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी जमतात, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

तेवढ्यात मागून एक शिट्टी आली. कडक, दोन बोटं तोंडात घालून मारलेली, वस्तीतल्या मैदानावर शिकलेली. सगळ्यांनी वळून पाहिलं. शिट्टी दीप्ती साळवेने मारली होती. तिने पुन्हा एकदा मारली, आणि मग चहावाल्याने किटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच.

लोक पांगल्यावर दोघी बोर्डापाशी उरल्या. दीप्ती आपला स्ट्रायकर रुमालाने पुसत होती.

"खरं सांग," उत्तरा म्हणाली. "मी दिली असती तर घेतली असतीस?"

दीप्तीने विचार केला. "घेतली असती बहुतेक. नोकरी आहे ना, मी काय येडी आहे? पण मग आयुष्यात तुमचं तोंड बघितलं नसतं."

"रविवारी मुलुंडला ये. आमच्या क्लबात."

"शिकवणार?" दीप्तीच्या भुवया लगेच वर गेल्या.

"अजिबात नाही. राज्य स्पर्धेच्या आधी मला समोर कुणीतरी असं हवंय, जे मला हरवू शकेल. आमच्याकडे तसं कुणी नाही."

"म्हणजे तुमच्या फायद्यासाठी बोलावताय."

"हो," उत्तरा म्हणाली, तिच्या नजरेला नजर देऊन.

"मग येते," दीप्ती म्हणाली.